गव्हनचे जिने



ग्लासगो शहराच्या एका उपनगराविषयी मी बोलणार आहे हे कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, युनियनच्या कामात जन्म घालवलेल्या माणसाला स्कॉटलंडमधल्या इमारतींचे काय करावयाचे आहे?" प्रश्न रास्त आहे. मी शिकलो तो युनियनच्या कचेरीतल्या कपाटात सापडतील ती पुस्तके वाचून. स्थापत्यशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, आणि ग्लासगो मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण आम्ही मंडळी मजुरीचा आकडा चार पैशांनी वाढावा म्हणून वर्षानुवर्षे झगडतो, आणि वाढलेले चार पैसे घरमालक पहिल्या तारखेला दारात उभा राहून घेऊन जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. या दुखण्यावर गव्हनच्या बायकांनी १९१५ साली एक इलाज केला, आणि तो असा लागू पडला की ब्रिटिश पार्लमेंटला त्याच वर्षी कायदा करावा लागला. हा इलाज त्यांना कसा सुचला आणि कसा साधला, याचा शोध घेता घेता मी त्यांच्या घरांच्या जिन्यांपाशी येऊन पोचलो. म्हणून आज जिन्यांची गोष्ट सांगतो.

गव्हन हे क्लाइड नदीच्या दक्षिण तीरावर आहे. गाव फार जुने. तेथील जुन्या चर्चमध्ये नवव्या ते अकराव्या शतकांतले कोरीव दगड आहेत. त्यांत पाच दगड असे आहेत की, उपडी घातलेली होडी किंवा पाठ वाकवून बसलेले जनावर वाटावे. ज्या काळी स्ट्रॅथक्लाइड हे निराळे राज्य होते, त्या काळी येथे बड्या लोकांना पुरीत असत. पुढे कित्येक शतके गव्हन म्हणजे शेती, मासेमारी आणि हातमाग. विणकरांनी १७५६ साली आपली सोसायटी काढली. येथवर सारे संथ होते.

मग जहाजे आली. रॉबर्ट नेपियर यांनी १८४० नंतरच्या काळात येथे लोखंडी जहाजे बांधावयास सुरुवात केली, आणि १८६४ साली जॉन एल्डर यांनी फेअरफील्ड या शेतजमिनीवर आपला कारखाना नेला. एल्डर यांची कीर्ती कंपाउंड एंजिनामुळे झाली. एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या सिलिंडरात घालून पुन्हा राबवावयाची, म्हणजे कोळसा वाचतो आणि जहाज लांबचा पल्ला गाठते. त्याच १८६४ साली गव्हनला स्वतंत्र नगरपालिका मिळाली. तेव्हा वस्ती सुमारे नऊ हजार होती. १९१२ साली ग्लासगोने गव्हनला पोटात घेतले तेव्हा ती नव्वद हजारांच्या आसपास गेली होती. पन्नास वर्षांत दसपट! नगरपालिकेच्या बोधचिन्हावर लॅटिनमध्ये लिहिले होते की, श्रमावाचून काही नाही. श्रम करणाराला काय मिळावे याविषयी बोधचिन्ह गप्प होते.

कारखानदार मंडळी कंजूष होती असे मात्र म्हणता येणार नाही. जॉन एल्डर १८६९ साली ऐन उमेदीत वारले. त्यांच्या पत्नी इझाबेला यांनी काही महिने स्वतः कारखाना सांभाळला, आणि पुढे १८८५ साली गव्हनला एक मोठी बाग दिली. त्या बागेच्या कोपऱ्यावरचे वाचनालय १९०३ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या हस्ते उघडले. एक लहान इस्पितळही बाईंनी दिले. एल्डरनंतर कारखाना चालवणारे विल्यम पिअर्स यांच्या नावाने सभागृह आणि वाचनाच्या खोल्या असलेली एक देखणी संस्था उभी राहिली. फेअरफील्डची कचेरी तर लाल दगडाची, राजवाड्यासारखी. पुतळे तीन : एल्डर, एल्डरबाई आणि पिअर्स. मी स्वतः वाचनालयांवर वाढलेला माणूस आहे. वाचनालय देणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण ज्या माणसांसाठी ही बाग आणि ही पुस्तके होती, ती राहत कोठे होती?

त्यांची बहुतेक घरे बांधली ती भाड्यावर डोळा ठेवून पैसा गुंतवणाऱ्यांनी. इंग्लंडमध्ये मजुरांची घरे बुटकी, रांगेने उभी असत. स्कॉटलंडमध्ये मात्र तीन-चार मजली दगडी इमारती उठल्या. याचे एक मोठे कारण जमिनीच्या कायद्यात होते. स्कॉटलंडमध्ये जमीन घेणारा मूळ मालकाला दरवर्षी ठरावीक रक्कम देत राही, तीही पिढ्यान् पिढ्या, कायमची. त्याला 'फ्यू' म्हणत. आपल्याकडच्या जमीनदारीचीच ही चुलत बहीण, आणि ती पुरती गाडली गेली ती थेट २००४ साली. जमिनीवर हा कायमचा बोजा बसला की, बांधणारा काय करणार? त्याच तुकड्यावर मजल्यावर मजला चढवणार, आणि प्रत्येक मजल्यावर शक्य तितकी भाडी बसवणार. बाहेरून पाहावे तर दोन-दोन फूट जाडीच्या वालुकाश्माच्या भिंती, उंच खिडक्या, अगदी खानदानी थाट. आत एकेका जिन्यावर दहा-बारा बिऱ्हाडे.

या इमारतीची रचना नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सारी हकीकत तिच्यावर उभी आहे. रस्त्यावरून आत जावयाला एक बोळ असे. त्याला तेथे 'क्लोज' म्हणतात. बोळातून वर दगडी जिना, आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला मागचे अंगण. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर दोन-तीन दरवाजे. कोणाचे घर एका खोलीचे, कोणाचे खोली-स्वयंपाकघराचे. स्वयंपाकघराच्या भिंतीतच कोनाड्यासारखी पोकळी ठेवून तीत पलंग बसवलेला असे, दिवसा पुढे पडदा ओढावयाचा. संडास जिन्याच्या मधल्या वळणावर, साऱ्या मजल्याला मिळून एक. कपडे धुवावयाची जागा मागच्या अंगणात, तीही सामाईक. कोणत्या बाईचा वार कोणता हे ठरलेले. जिना धुण्याचीही पाळी असे, आणि पाळी चुकवणारीला सारा जिना बोल लावी. आपल्या चाळीत गॅलरी जे काम करते, ते तेथे जिना करी. फरक इतकाच की, गॅलरीत साऱ्यांना सारे दिसते, आणि जिन्यावर साऱ्यांना सारे ऐकू येते.

फोरमनचे किंवा दुकानदाराचे घर असले, तर त्याच्या बोळात भिंतींना चकचकीत रंगीत फरशा लावलेल्या असत. हेलकऱ्याच्या बोळात नुसता रंग. एकाच कारखान्यातल्या माणसांची प्रतवारी अशी भिंतीवर वाचता येई. ग्लासगो शहरात तर १८६२ पासून लहान घरांच्या दारांवर पत्र्याची चकती ठोकीत. घराचे घनफळ किती आणि आत किती माणसे झोपू शकतात हे तिच्यावर लिहिलेले असे. प्रौढ माणसामागे तीनशे घनफूट. रात्री-बेरात्री निरीक्षक येऊन डोकी मोजी, आणि जास्तीची माणसे कपाटात किंवा छपरावर लपत. गर्दीबद्दल दंड कोणाला? तर राहणाऱ्याला! माणसे डोलकाठीवर चढून बसली म्हणून खलाशालाच फटके मारावे, आणि बुडते जहाज भाड्याने देणारा मोकळा सुटावा, तशातला हा प्रकार.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. क्लाइडकाठी युद्धनौका आणि दारूगोळा यांचे काम रात्रंदिवस चालू झाले, कामासाठी हजारो माणसे गव्हनमध्ये लोटली, आणि नवी घरे बांधणे जवळजवळ थांबले. तेव्हा घरमालकांच्या मुखत्यारांनी, ज्यांना तेथे 'फॅक्टर' म्हणतात, भाडी वाढवली. पुरुष एक तर आघाडीवर, नाही तर कारखान्यात. भाडे मागावयाला फॅक्टर येई तो दिवसा, आणि दारात भेटे ती बाई.

मेरी बार्बर या अशाच एक बाई. गालिचे विणणाऱ्याची मुलगी, १८७५ साली जन्मलेली, लग्नानंतर गव्हनच्या लिंटहाउस भागात राहणारी. ग्लासगोच्या महिला गृहनिर्माण संघात त्यांच्याबरोबर हेलन क्रॉफर्ड, अ‍ॅग्नेस डोलन अशा कार्यकर्त्या होत्या. त्यांनी ठरवले ते साधे होते : जुने भाडे देऊ, वाढ देणार नाही, घर सोडणार नाही. तशा पाट्या खिडक्या-खिडक्यांत लागल्या. घर रिकामे करावयाला कोर्टाचा अंमलदार आला की, बोळाच्या तोंडाशी बसलेली बाई घंटा वाजवी. घंटा ऐकताच साऱ्या जिन्यावरच्या बायका हातातले काम तसेच टाकून धावत. कोणाच्या हाती पिठाची पुडी, कोणाच्या हाती ओले धुणे. पिठाने पांढरा झालेला अंमलदार अरुंद जिन्यावरून वर जाणार कसा? एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशा जिन्यावर दहा-बारा बायका उभ्या असल्या म्हणजे किल्ल्याच्या दिंडी दरवाज्याची कळा येते. पैसे वाचवण्यासाठी बांधणाऱ्याने जिना सामाईक ठेवला होता. त्या काटकसरीतून त्याच्या भाडेकरूंना आयती गढी मिळाली.

एक प्रसंग विल्यम गॅलाकर या क्लाइडकाठच्या कामगार पुढाऱ्याने लिहून ठेवला आहे. एका फॅक्टरने बायकांना थाप मारली की, इतरांनी वाढ भरली आहे, आणि पैसे वसूल केले. बार्बरबाईंना हे कळताच त्या कारखान्यातून पुरुषांना बाहेर घेऊन आल्या. काजळलेल्या तोंडांचे हजारो कामगार रस्त्यावर उभे राहिलेले पाहिल्यावर फॅक्टरने घेतलेले पैसे मुकाट्याने परत केले. मला यात मोल वाटते ते क्रमाचे. पुरुषांनी बायकांना हाक दिली नव्हती. बाईने हाक दिली आणि पुरुष आले. आमच्या संघटनांच्या इतिहासात हा क्रम फार थोड्या वेळा दिसतो, आणि तो दोष बायकांचा नाही.

नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार बिऱ्हाडे भाडेसंपात उतरली होती. मग एका फॅक्टरने नवी युक्ती काढली : घर रिकामे करून घेता येत नाही, तर वाढीव भाड्याची दिवाणी फिर्याद करावी, म्हणजे रक्कम मजुरीतून परस्पर कापता येईल. अठरा भाडेकरूंवर फिर्याद झाली. पण या युक्तीने भाडे थेट पगाराच्या पाकिटात आणून ठेवले, आणि तोवर बाजूला असलेल्यांनाही समजले की, हा आपलाच पगार आहे. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी फेअरफील्ड आणि इतर कारखान्यांतले कामगार कामे सोडून बायकांबरोबर कोर्टावर चालून गेले. जॉन मॅक्लीन यांच्यासारख्या वक्त्यांची बाहेर भाषणे झाली. युद्ध चालू असता क्लाइडचे कारखाने बंद पडणे सरकारला परवडणारे नव्हते. दारूगोळा खात्याचे मंत्री लॉइड जॉर्ज यांनी मध्ये पडून आश्वासन दिले, फिर्यादी मागे घेतल्या गेल्या, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी पार्लमेंटने लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवणारा कायदा केला. मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला तो १९१८ साली, त्याच महायुद्धाच्या टंचाईत. आपल्याकडे जुन्या चाळीत थोडक्या भाड्यावर राहिलेल्या माणसाने कधी गव्हनचे नाव ऐकले नसेल. पण त्याच्या भाडेपावतीचे कूळ शोधत मागे गेले, तर वाटेत हा जिना लागतो.

बार्बरबाई १९२० साली ग्लासगोच्या नगरसभेत निवडून आल्या, आणि १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने शहरात संततिनियमनाचा पहिला दवाखाना निघाला. घरांच्या बाबतीत १९१९ आणि १९२४ च्या कायद्यांनी नगरपालिकांना घरे बांधण्यासाठी सरकारी मदत मिळाली. १९२४ चा कायदा जॉन व्हीटली या ग्लासगोच्याच मजूरपक्षीय मंत्र्याने केला. सुरुवातीची घरे छान, बागांची, पण त्यांची भाडी हेलकऱ्याला न झेपणारी. पुढे १९३० नंतरच्या दशकात गरिबांसाठी स्वस्तातली घरे झाली. गव्हनमधल्या अशा एका वसाहतीला लोकांनी 'दारूची गल्ली' असे नाव ठेवले आणि तेथल्या माणसाला पत्त्यावरून नोकरी नाकारली जाऊ लागली. बदनाम नाव चिकटले की, घर कितीही धडके असो, ते झोपडेच ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर नगररचनाकारांनी जुन्या इमारतींवर फुली मारली. धुराने त्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या, संडास अजून जिन्यावरच होते. ग्लासगोने मोठमोठी क्षेत्रे सरसकट पाडून टाकावयाच्या योजना आखल्या आणि हजारो कुटुंबे शहराच्या कडेला किंवा उंच मनोऱ्यांत हलवली. नव्या घरात न्हाणीघर मिळाले हे खरे, आणि ज्या बाईने वीस वर्षे बादली घेऊन जिना उतरला तिला त्याचे मोल मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण शेजार गेला.

गव्हनच्या टारान्से रस्त्यावर १९७० च्या सुमारास काही निराळे घडले. विद्यापीठातले रेमंड यंग आणि जिम जॉन्सन यांच्यासारखे तरुण वास्तुविशारद तेथेच एका दुकानात कचेरी थाटून बसले आणि राहणाऱ्यांना विचारू लागले की, तुम्हाला काय हवे. लोकांनी सांगितले, इमारत पाडू नका, आत संडास द्या. मग भिंतीतल्या त्या पलंगाच्या पोकळीत न्हाणीघर बसवले. पाडण्याच्या यादीतले घर एका कोनाड्याने वाचले! यातूनच १९७१ साली रहिवाशांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आणि ही रीत पुढे शहरभर पसरली. काजळी धुतल्यावर आतून फिकट पिवळा आणि लाल दगड बाहेर आला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनाही आपला रस्ता प्रथमच दिसला.

त्याच १९७१ साली सरकारने जहाज कारखान्यांची मदत थांबवली. तेव्हा गव्हनमध्येच जन्मलेले जिमी रीड आणि त्यांचे सहकारी यांनी संप केला नाही. उलट कामगारांनी कारखान्याचा ताबा घेऊन काम चालूच ठेवले. १९७२ च्या फेब्रुवारीत सरकारला पैसा द्यावा लागला. आज त्या तीरावरचे बाकीचे कारखाने गेले. लिंटहाउसच्या कारखान्याची एंजिने बनवण्याची शेड तर उचलून आर्व्हिन गावच्या सागरी संग्रहालयासाठी नेली आहे. फेअरफील्डच्या आवारात मात्र अजून युद्धनौका बांधतात.

मार्च २०१८ मध्ये महिलादिनी गव्हनच्या चौकात मेरी बार्बर यांचा पुतळा बसवला. त्या पुतळ्यात बाई एकट्या नाहीत. पुढे त्या आणि मागे माणसांची रांग. टारान्से रस्त्यावरच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांचे भाडे आता जी गृहनिर्माण संस्था घेते, तिच्या समितीवर भाडेकरू निवडून येतात.