शब्दाला शब्द जुळतो का?

इंग्रजी बोलणाऱ्यांना स्पॅनिश शिकणे सोपे वाटते. लिपी जवळजवळ तीच आणि लॅटिनमधून आलेले अनेक शब्द दोन्हीकडे सारखे. अडचण येते ती रोजच्या साध्या नामांपाशी. शब्दकोशातली जोडी समीकरणासारखी वापरली की अर्थ चुकतो.

इंग्रजीतला ‘टाइम’ हा शब्द घ्या. सवड नाही, जेवणाची वेळ झाली, तीनदा सांगितले, या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत तो चालतो. स्पॅनिशमध्ये मात्र अनुक्रमे ‘तिएम्पो’, ‘ओरा’ आणि ‘बेस’ असे तीन वेगळे शब्द लागतात. मराठीतही आपण ‘तो वेळ’, ‘ती वेळ’ आणि ‘तीन वेळा’ असा भेद करतोच. गंमत म्हणजे ऊन-पावसाच्या हवेलाही स्पॅनिशमध्ये ‘तिएम्पो’च म्हणतात.

पाण्यात पोहणारा मासा ‘पेस’, तर पकडून खाण्यासाठी आणलेला ‘पेस्कादो’. खोलीतला, आत वळलेला कोपरा ‘रिंकोन’. रस्त्याच्या वळणावरचा, बाहेर आलेला कोपरा ‘एस्किना’. इंग्रजीत या दोन्ही जोड्यांना एकेकच शब्द आहे. याउलट, भिंतीवरचे आणि मनगटावरचे घड्याळ इंग्रजीत वेगळे, स्पॅनिशमध्ये दोन्ही ‘रेलोह’. हाताचे आणि पायाचे बोट, दोन्ही ‘देदो’. येथे मराठी स्पॅनिशच्या बाजूची आहे.

लिंगानेही अर्थ बदलतो. ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल आणि ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी. आपल्याकडे ‘तो हार’ गळ्यात पडतो आणि ‘ती हार’ पत्करावी लागते, तसेच हे. इंग्रजीत नामाला असे व्याकरणिक लिंग नसल्याने तेथल्या विद्यार्थ्याने ‘एल’ किंवा ‘ला’ नामाबरोबरच पाठ करणे बरे.

सर्वांत फसवे शब्द म्हणजे सारखे दिसणारे. ‘लिब्रेरिया’ म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. खाण्यापिण्यातून विषबाधा झाली तर ‘इंतोक्सिकासिओन’ म्हणतात आणि बाधा झालेला तो ‘इंतोक्सिकादो’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विष. इंग्रजीत मात्र त्याचा रोख दारू आणि अमली पदार्थांकडे वळला. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांचा एक तरुण बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणला गेला. क्यूबन कुटुंबीयांनी वापरलेला ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द इंग्रजी अर्थाने घेतला गेला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू झाले. मेंदूतला रक्तस्राव वेळीच लक्षात आला नाही. त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

म्हणून नवा शब्द शिकवताना केवळ प्रतिशब्द देऊन थांबू नये. तो कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, याची दोन-दोन वाक्ये मुलांकडून करून घ्यावीत. विज्ञानाच्या तासालाही हे उपयोगी पडेल. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी चालतात, पण भौतिकशास्त्रात प्रत्येकाची हद्द वेगळी असते. मुले अडखळतात ती बरेचदा तेथेच.