शंभर मीटर आणि आपली दुकानं

वडील मंडळींना कोरोनाचे दिवस चांगले आठवतात, पण लहान मुलांना ते सांगावे लागतील.

मार्च २०२० मध्ये इस्राएलमध्ये बंदी आली. २५ मार्चपासून पाय मोकळे करायला घरापासून फक्त १०० मीटर जाता येई. किराणा आणि औषधं आणायला मोकळीक होती, पण म्हाताऱ्यांनी शक्यतो घरातच राहावं, असं सांगणं होतं. मी जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून बंदी मला पटत होती. हा रोग श्वासातून पसरतो, आणि लहान दुकानात माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात.

पण एकाच बंदीने दोन दुकानांचं नशीब दोन तऱ्हेचं केलं. कोपऱ्यावरचा मकोलेत, म्हणजे आपला वाणी, उघडा होता. एरवी मोठ्या सुपरमार्केटात जाणारे शेजारीही त्याच्याकडे येऊ लागले. आत मोजकीच माणसं घ्यायची, म्हणून दाराबाहेर रांग. त्या वर्षी पेसाहच्या आधी अंड्यांची टंचाई झाली, तेव्हा तर विचारूच नका!

हिंदुस्थानी मसाल्याच्या दुकानाचं उलट झालं. तेही उघडं ठेवता येत होतं, पण त्याचं गिऱ्हाईक गल्लीतलं नसतं. महिन्यातून एकदा बसने दुसऱ्या गावाहून येणार, पोहे, कोकम, तूरडाळ घेणार आणि चार गोष्टी मराठीत बोलून जाणार. पेसाहच्या वेळी तर ७ एप्रिलपासून काही दिवस गावाबाहेर जायलाच मनाई होती. मग गिऱ्हाईक येणार कुठून?

कापड आणि चपलांची दुकानं तर बंदच होती. रस्त्यावरची दुकानं २६ एप्रिलला उघडली. त्याआधीच एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाला परवानगी मिळाली, तेव्हा छोटे दुकानदार फार चिडले. सरकारने धंदेवाल्यांना अनुदान दिलं खरं, पण भाडं आणि आरनोना काही गिऱ्हाइकांची वाट बघत थांबत नाहीत.

दुसरी बंदी १८ सप्टेंबरला, नेमकी नव्याच्या सणाच्या दिवशी आली. तिसरी २७ डिसेंबरला आली, आणि २८ जानेवारी २०२१ चा तू बिश्वातही तिच्यातच गेला. मलिद्याला पोहे तर हवेतच! मग नातवंडांनी फोनवर यादी दिली आणि सामान घरपोच आलं. तिथून सवय लागली. लसी आल्या, बंदी उठली, पण फोन काही सुटला नाही.

फोनवर सामान मिळतं, पण "कशा आहात मावशी?" असं विचारणारं कोणी नसतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याचीही गरज असते, हे मी नर्स म्हणून सांगते. म्हणून मुलांनो, महिन्यातून एकदा तरी आजी-आजोबांना हाताला धरून दुकानात न्या. आणि पोह्यांचा भाव तुम्हीच विचारा, मराठीत!