छोटी लाईन

गोंदियाच्या स्टेशनावर एके काळी 'छोटी लाईन' आणि 'बडी लाईन' असे दोन शब्द प्रत्येकाच्या तोंडी असत. आज ते मुलांना ठाऊक नाहीत. ते का गेले आणि त्यांच्याबरोबर काय गेले, हे थोडे पाहू.

दोन रुळांमधले अंतर म्हणजे लाईनीचे माप. हावडा-मुंबई मार्गाचे माप साडेपाच फूट. गोंदियाहून उत्तरेस बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे आणि दक्षिणेस सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीडकडे निघालेल्या फाट्यांचे माप मात्र अडीच फूट. बंगाल-नागपूर रेल्वेने जबलपूरचा फाटा १९०५ पर्यंत पुरा केला. मुलूख डोंगराळ, जंगल दाट, रहदारी बेताची. अशा ठिकाणी अरुंद लाईन स्वस्त पडते, कारण वळण आखूड घेता येते आणि पूल लहान चालतो.

पण छोटा डबा मोठ्या रुळावर कसा चढणार? म्हणून लाकूड, बांबू, धान्याची पोती, जे छोट्या गाडीने येई ते गोंदियात उतरवायचे आणि दुसऱ्या डब्यात भरायचे. रेल्वेच्या हिशेबी हा नुसता खर्च. हमालाच्या चुलीवर मात्र त्यातूनच भात शिजे. उतारूही गाडी बदलीत. तासभर थांबणे आले, मग चहा आला, पान आले.

हे सारे एका दिवसात संपले नाही. आधी माल ट्रकने नेला. १९९० नंतरच्या दशकात दक्षिणेची लाईन रुंद झाली, पुढे २००५-०६ च्या सुमारास बालाघाटपर्यंतची. त्यापलीकडची छोटी गाडी २०१५ साली थांबली, आणि नागपूर-नागभीडची २०१९ साली.

मी लहानपणी आईबरोबर बालाघाटला मामाकडे जाई. एक म्हातारे हमालबाबा आमचे बोचके छोट्या गाडीत नेऊन ठेवीत. लाईन बदलल्यावर ते मला बाजारात पोती उचलताना भेटले. गाडीच बदलायची नाही, तर बोचके आमच्याकडे कोण देणार, असे म्हणून ते हसले. मला काही हसता आले नाही.

म्हणून रुंद लाईन वाईट झाली काय? मुळीच नाही. आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोचतो, ही काय थोडी गोष्ट झाली? पण वेगाची गाडी लहान स्टेशन सोडून पुढे जाते. गावाला तिचा उपयोग ती थांबली तरच. तेव्हा रुळाबरोबर थांब्याचाही आग्रह धरायला हवा.

शिक्षक-शिक्षिकांना एक सुचवतो. शाळेच्या मैदानावर फक्कीने अडीच फुटांची एक लाईन आखा, शेजारी साडेपाच फुटांची. मुलांना तीत उभे करा, आणि गावातल्या एखाद्या आजोबांना बोलवा. नागपूरला गेलात तर मोतीबागेतले छोट्या लाईनीचे संग्रहालय दाखवा. तिथे इंजिने पाहायला मिळतील. हमालबाबांची गोष्ट मात्र आजोबांनाच विचारावी लागेल.