काहिलीपाशी रेकॉर्डर

पहाटे ३.३०

पहिलं काम घड्याळाचं. रेकॉर्डरची वेळ मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळवून घेते. दिवसभर वहीत मी फक्त वेळ आणि दोन-चार शब्द लिहिणार, बाकीचं सगळं आवाजात राहणार. दोन घड्याळं फटकून चालली तर रात्री वहीतली नोंद आवाजात कुठं शोधायची? मग सेल. आत दोन बारीक सेल ताजे, जोडीचे दोन पिशवीत. कार्ड रिकामं. स्पंजची टोपी, कानाला लावायचे हेडफोन, वही, पेन्सिल. थंडीत बॉलपेन अडतं, म्हणून पेन्सिलच.

मी व्यवसायांतली बोली जमवते. कुंभार, सुतार, लोहार असं करत आता गुऱ्हाळापाशी आले आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कागदपत्रांत माती, पाणी, ऊस सगळ्यांची दखल घेतली जाते. काहिलीशेजारी उभ्या माणसाच्या कानाची दखल कुठं घ्यायची, हा प्रश्न घेऊन मी करवीर तालुक्यातल्या या गुऱ्हाळावर निघाले आहे.

पहाटे ४.४५

घाणा चालू आहे. मोटारीची घरघर, उसाचं कचकच चिरडणं, हौदात पडणारा रस. चुलवाणात चिपाडं सारली जाताहेत आणि काहिलीवर वाफेचा पांढरा लोट. पहिलं आधण तापायला लागलं आहे.

रेकॉर्डर लगेच वाफेजवळ नेत नाही. थंडीत गारठलेल्या यंत्रावर गरम वाफ आली की माइकच्या जाळीवर पाणी धरतं आणि आवाज घुसमटतो. पंधरा-वीस मिनिटं तो स्वेटरच्या आत ठेवायचा आणि हळूहळू पुढं सरकायचं. तेवढ्यात परवानगीचं काम होतं. ते मी रेकॉर्डर चालू करूनच करते. नाव, गाव, कशासाठी घेतोय, कुठं ठेवणार, कोण ऐकणार हे सगळं बोलून सांगायचं आणि त्यांचं उत्तरही त्याच आवाजात यायचं.

"घ्या की बाई," इथला गूळ शिजवणारे गुळव्या तात्या म्हणतात. "पर व्यापाऱ्याचं काय बोललो तर त्ये नगं."

ही अट पहिल्याच मिनिटात नोंदली गेली, हे चांगलं झालं.

मग मी स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, 'पहिलं आधण' एवढं बोलते आणि रेकॉर्डर काहिलीपासून चारेक फुटांवर, वाऱ्याच्या बाजूला, लाकडी खांबाला बांधते. हातात धरला तर बोटांची खरखर येते. खिशात ठेवला तर कापडाची.

पहाटे ५.३० ते सकाळी १०

दिवसाचं खरं काम हेच.

पूर्वी मी मुलाखत घ्यायची. समोर बसायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं. माणसं शाळेत उभी राहिल्यासारखी बोलतात आणि आपल्या बोलीतले शब्द गाळून पुस्तकी शब्द शोधतात. काम चालू असताना ती तसं करत नाहीत, कारण सवडच नसते. 'वड', 'बास', 'जाळ कमी कर', 'आता बगू', एवढ्या तुकड्यांत ज्ञान इकडून तिकडं जातं. म्हणून आता काम चाललेलं असताना मी प्रश्नच विचारत नाही.

याच कारणानं, आवाज आला की आपोआप सुरू होणारी सोय मी कायमची बंद करून ठेवली आहे. त्या सोयीत पहिलं अक्षर गिळलं जातं, आणि एकाक्षरी, दोन-अक्षरी हुकमांच्या जागी पहिलं अक्षर गेलं की काय उरतं? शिवाय हुकूम आणि काम यांच्यामधला गप्प वेळही मला हवा असतो. 'बगू' म्हटल्यावर तात्या किती वेळ थांबले, हे त्या शब्दाइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरी खूणगाठ आवाजाच्या पातळीची. बहुतेक छोट्या रेकॉर्डरवर पातळी आपोआप कमीजास्त होते. सभेत किंवा वर्गात ती सोय बरी. काहिलीपाशी ती घात करते. रस पातळ असतो तेव्हा उकळी मोठ्यानं, भरभर वाजते. पाणी उडून तो दाट होत जातो तसे बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटण्यातलं अंतर वाढतं आणि एकूण आवाज खाली येतो. आपोआप चालणारं यंत्र हा उतार भरून काढतं आणि शेवटचा आवाज सुरुवातीच्या आवाजाइतकाच करून टाकतं. म्हणजे गुळव्या ज्या फरकावर सगळा गूळ तोलतो, नेमका तोच पुसला जातो. मी पातळी हातानं लावते. मोठ्यातला मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी, आणि मग आधण उतरेपर्यंत त्या चकतीला हात लावत नाही. खालचे सूर कापणारी गाळणीही बंद. वाऱ्यात, रस्त्यावर ती उपयोगी. इथं मोटारीची घरघर कापताना जड बुडबुड्यांचा गाभाही तीच कापून नेईल.

रसात चुना पडतो, भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी पडतं, मळी वर येते, झाऱ्यानं काढली जाते. आधणाला अडीच-तीन तास लागतात. शेवटच्या टप्प्यात पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. तात्यांच्या गुऱ्हाळात तापमापक नाही. ते फावड्यावरचा थोडा पाक वाडग्यातल्या गार पाण्यात सोडतात, बोटांनी त्याची गोळी वळतात आणि काहिलीच्या काठावर आपटतात. पहिल्यांदा मऊ, बसका आवाज. थोड्या वेळानं पुन्हा, जरा कोरडा. तिसऱ्यांदा 'ठण'.

"उतरा!"

चार माणसं काहील कलती करतात, पाक वाफ्यात पडतो आणि फावडी चालू होतात. एवढ्या गडबडीत मी फक्त वहीत वेळ लिहिते, ७.०२, आणि 'ठण'.

साडेसातला दुसरं आधण. रेकॉर्डर थांबवून नवी फाइल सुरू करते. चार तासांची एकच फाइल ऐकायला बसलं की माणूस हरवतो. सेल बदलते. आधणाच्या मध्यावर ते बसले तर ते आधण गेलं, उद्या तसंच दुसरं मिळत नाही.

सकाळी १०.३०

चहा. आता बोलायची वेळ. काहिलीच्या गलक्यापासून दूर, आंब्याखाली बसतो. इथं गाळणी चालू आणि रेकॉर्डर तात्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलनं वाढतो. एवढ्यानं मोटार बरीच मागं पडते.

प्रश्न थोडेच. मग मी हेडफोन त्यांच्या कानाला लावते आणि सकाळची एक फाइल मधूनच सुरू करते. कुठली ते सांगत नाही. तात्या डोळे मिटतात.

"हे पयलं न्हवं. दुसरं हाय. जाळ जादा झालाय हितं." थोडं ऐकून, "आता वढलंय जाळ मागं. बराबर."

वहीत बघते. ८.५५ ला 'जाळ कमी' असं लिहिलं आहे.

मग ते व्यापाऱ्याविषयी बोलायला लागतात, उचल आणि दर यांविषयी, मनापासून. मी त्यांच्या देखत बटण दाबून रेकॉर्डर बंद करते आणि नुसती ऐकते.

दुपारी १

घरी. जेवण, तासभर झोप.

दुपारी ३.३०

कार्डवरून संगणकावर एक प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी. दोन्ही प्रतींची सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐकून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. फाइलींना नावं तारीख, ठिकाण, आधण या क्रमानं. मी न दाबलेल्या, डब्ल्यूएव्ही स्वरूपात आवाज घेते. मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते आणि ३२ जीबीच्या कार्डवर पन्नासेक तास मावतात, तेव्हा काटकसर करण्याचं कारणच नाही. एमपी३ प्रत फक्त पाठवण्यापुरती.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं. बलुत्यांचे, कारागिरांचे कितीतरी शब्द त्या पुस्तकामुळं आपल्यापर्यंत आले, पण ते कसे उच्चारले जात हे कागद सांगू शकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात त्यांतल्या कितीतरी ओव्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. त्या ऐकताना ओवीच्या मध्ये घेतलेला श्वास ऐकू येतो. मला या कामाचं मोल तिथं कळलं. आणि त्यांना जे जड यंत्र वाहून न्यावं लागलं असेल, त्याहून चांगलं काम करणारं यंत्र आज माझ्या तळहातात मावतं. मोबाइलही चालतो म्हणतात. चालतो, पण फोन येतो, आणि मोबाइल समोर धरला की माणसं व्हिडिओ होतोय असं समजून पदर, टोपी सारखी करतात.

संध्याकाळी ५ ते ८

ऐकणं. हे त्याच दिवशी व्हावं लागतं. उद्या मला 'कुणीतरी हसलं' एवढंच ऐकू येईल. आज मला ठाऊक आहे की चिपाडं घालणारा हसला, आणि का हसला. तासाभराचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवायला चार-पाच तास लागतात. ते मी दर वेळी करत नाही. सूची करते. डावीकडं मिनिट, उजवीकडं काय घडलं. अडलेल्या जागी आवाजाची गती कमी करून तेवढाच तुकडा परत परत ऐकते.

दुसऱ्या आधणात एक तास बेचाळीसाव्या मिनिटाला, मोटारीच्या घरघरीखाली, तात्यांच्या नातवाचा आवाज आहे. खांबाशी उभं राहून मला तो ऐकू आला नव्हता.

"आबा, कळतं कसं?"

थोडा वेळ फक्त उकळी. मग तात्या, हळू आवाजात, "आदी पावसावानी वाजतंय. मग चिखलात बैल चालल्यावानी. त्यो बैल आला की मग पाण्यात टाकून बग. आदी बघू नगंस, हात भाजंल उगाच."

पुढं पोरगं मध्येच "आला?" विचारतं. "न्हाई." परत विचारतं. "न्हाई रं." तिसऱ्यांदा ते स्वतःच "आबा, आला," म्हणतं, आणि काठावर गोळी आपटल्याचा आवाज येतो.

मी हेडफोन घट्ट दाबून तो भाग पुन्हा ऐकते. तीन वेगवेगळ्या उकळ्या स्पष्ट कळतात. पातळी हातानं लावली म्हणून त्या तीन राहिल्या.

रात्री ९

सेल चार्जरला. तात्यांना फोन करून विचारलं, नातवाचं बोलणं संग्रहात ठेवलं तर चालेल का. पोरगं लहान आहे, तेव्हा परवानगी घरच्यांची हवी.

"ठेवा की. पर त्याला बी द्या, त्यो घरी ऐकंल."

तेवढी मिनिटं वेगळी काढून पेनड्राइव्हवर घातली आहेत. पोराचा बाप बाजारच्या दिवशी गावात येतो, त्याच्या हाती द्यायची.