डबा हलका, पोट भरलेलं

सख्यांनो, वजन उतरवायचं म्हणून दुपारचं जेवण टाळू नका. उपाशी राहिलं की संध्याकाळी नाहूर स्टेशनला उतरल्यावर हात वडापावकडेच जातो.

खरी गोम तेलात आहे. एका मोठ्या चमच्यात (15 मिली) सुमारे 120 कॅलरी! म्हणून फोडणीचं तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजा.

डब्याला : एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर. मोड आदल्या दिवशीच काढून ठेवले की सकाळी उसळ पटकन होते.

मधल्या वेळी : मूठभर फुटाणे, पेरू किंवा पातळ ताक. फरसाण नको, चहात साखर निम्मी.

मधुमेहाची गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मगच जेवण कमी करा.