आशाताई स्वतःबरोबरच कशा गायल्या?

बालमित्रांनो, १९८७ सालच्या ‘इजाजत’ चित्रपटातलं ‘कतरा कतरा’ हे गाणं आईबाबांना लावायला सांगा. गायिका एकच, आशा भोसले. पण नीट कान द्या हं! एक आशाताई गात असतानाच दुसऱ्या आशाताईंचा सूर येऊन त्यात मिसळतो. संगीतकार राहुलदेव बर्मन यांनी त्यांचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड करून एकावर एक बसवला होता. हे कसं जमतं?

त्यासाठी जुन्या कॅसेटकडे वळू. तिच्यातली टेप म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण लावलेली प्लॅस्टिकची पट्टी. टेपरेकॉर्डरचं ‘हेड’ हे एक छोटं विद्युतचुंबक असतं. आवाज जसा चढतो-उतरतो, तसे ते या कणांना चुंबक बनवत जातं. पट्टीची रुंदी चार मिलिमीटरसुद्धा नाही, तरी तिच्यावर चार ट्रॅक मावतात! ‘ए’ बाजूचे दोन, ‘बी’ बाजूचे दोन. कल्याणहून बदलापूरला जाणारी आणि तिथून येणारी लोकल जशा शेजारच्या रुळांवरून उलट दिशांनी धावतात, तसेच हे आवाज.

१९७९ मध्ये टीअ‍ॅक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ हा अशाच कॅसेटवर चालणारा रेकॉर्डर काढला. त्यात चारही ट्रॅक एकाच दिशेने चालतात. एकावर आधी भरलेलं ऐकत ऐकत दुसऱ्यावर नवं भरता येतं.

समजा, तो आपल्याकडे आहे. पहिल्या ट्रॅकवर उल्हासनगरच्या बाजारातल्या हाका भरल्या. दुसऱ्यावर अंबरनाथच्या शिवमंदिरातली घंटा; या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा काळ कोरलाय बरं का! तिसऱ्यावर बदलापूरजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीची खळखळ. आता चौथा ट्रॅक तेवढा उरला, आणि आपल्याला तर गाणं, ढोलकी, पेटी असं कितीतरी भरायचंय.

मग काय करायचं? तिन्ही आवाज एकत्र वाजवायचे आणि चौथ्यावर उतरवून घ्यायचे. झाले की नाही तीन ट्रॅक पुन्हा मोकळे! याला ‘बाउन्सिंग’ म्हणतात. आता दोन ट्रॅकवर नवे आवाज भरून ते तिसऱ्यावर उतरवा, मग उरलेल्या दोन ट्रॅकवर आणखी दोन भरा. मोजा पाहू: तीन, दोन आणि दोन. चार ट्रॅकवर सात आवाज!

बीटल्स या इंग्लंडच्या प्रसिद्ध चौकडीने १९६७ सालचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम असाच, चार ट्रॅकच्या यंत्रांवर आवाज मिसळत मिसळत केला.

पण सांभाळून! ट्रॅक मोकळे करून त्यांवर नवं भरलं, की टेपवर मिसळलेले आवाज परत वेगळे करता येत नाहीत. घंटा मोठी झाली आणि नदी दबली, तर ती तशीच राहते. शिवाय टेपची स्वतःची एक बारीक ‘स्स्स’ असते. आवाज एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर उतरला, की तिच्यात नव्या ‘स्स्स’ची भर पडते. म्हणून बाउन्स करण्याआधी पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक आवाजाची पातळी ठरवावी लागते.

तुम्हीही करून बघा. एका फोनवर टाळ्यांचा ठेका रेकॉर्ड करा. तो वाजवून त्याच्यासोबत गा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. मग ते वाजवून तिसरा आवाज चढवा. दर वेळी पहिला ठेका किती अस्पष्ट होतो, ते वहीत लिहा. आणि मूळ रेकॉर्डिंग मात्र अजिबात पुसू नका!