बेटावरील सुखाचा कारभार

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत राबणाऱ्या तरुण अभियंत्यांच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाची बोलणी निघाली, की महाबळेश्वर आणि गोव्याच्या जोडीने आता मालदीव व लक्षद्वीप ही नावेही सहज उच्चारली जातात. लहानशा प्रवाळबेटावर एकट्यानेच वसलेले, मोजक्या खोल्यांचे, सर्व सुखसोयींनी युक्त असे रिसॉर्ट हे त्या प्रवासाचे ध्येय असते, आणि तेथील निळ्या पाण्याची भुरळ पडावी यात गैर काहीच नाही. परंतु ज्या भूमीवर नदी नाही, डोंगर नाही, शेत नाही, तेथे स्नानाला गोडे पाणी, ताटात ताजी भाजी आणि खोलीत रात्रभर गारवा ही सारी सरबराई होते तरी कशी, हा प्रश्न यंत्रांशी रोजचा संबंध असलेल्या आपल्या भागातील माणसाने अवश्य विचारावा. कारण त्याचे उत्तर समजून घेण्यास त्याच्याइतका अधिकारी वाचक विरळा.

मालदीवमध्ये या व्यवसायाचा आरंभ 1972 साली झाला. राजधानी मालेच्या नजीक ‘कुरुम्बा’ हे तीस खोल्यांचे पहिले रिसॉर्ट उघडले आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ असा शिरस्ताच पडला. बेट सरकारच्या मालकीचे असते आणि व्यावसायिक ते मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतो. चाकणचा कारखानदारही एमआयडीसीकडून 95 वर्षांच्या पट्ट्याने भूखंड घेतो. मात्र त्याच्या दारापर्यंत रस्ता आणि पाणी पोहोचविण्याची तजवीज महामंडळ करते, तर बेटाच्या पट्टेदाराला यांतील प्रत्येक जिन्नस जागेवर निर्माण करावा लागतो किंवा नौकेतून आणावा लागतो.

सर्वांत बिकट प्रश्न पाण्याचा. प्रवाळाच्या वाळूत मुरलेले पावसाचे पाणी वजनाने किंचित हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आणि समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी जितकी असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट गोडे पाणी सपाटीच्या खाली साठलेले असते, असे शास्त्राचे गणित आहे. हे ऐकून दिलासा वाटतो खरा. पण लहान बेटावर ती वरची पातळीच मुळी तुटपुंजी असते, आणि पंपाने बेसुमार उपसा केला की खारे पाणी वर चढून विहीर नासते. म्हणून बहुतेक रिसॉर्टांनी समुद्राचेच पाणी गोडे करण्याचा मार्ग पत्करला आहे. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेले हे पाणी, हवेच्या दाबाच्या साठपटीच्या आसपास दाब देऊन, आर.ओ.च्या पडद्यांतून ढकलावे लागते. हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारणतः तीन-चार युनिट वीज खर्ची पडते, लहान संयंत्रात त्याहूनही अधिक, आणि मालदीवमध्ये ती वीज आजही मुख्यत्वे डिझेलच्या जनित्रांवर निर्माण होते. तेव्हा त्या शुभ्र स्नानगृहात उघडलेला प्रत्येक नळ दूरवरून आलेल्या डिझेलच्या पिंपाशी जोडलेला असतो.

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर 2005 साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने याहून निराळी वाट दाखविली. पृष्ठभागावरच्या उबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती निववून तिचे पाणी करायचे, अशी ही योजना असून दिवसाकाठी एक लाख लिटर गोडे पाणी देण्याची तिची क्षमता होती. स्वदेशी अभियांत्रिकीचे हे काम मला अत्यंत अभिमानास्पद वाटते, आणि आपल्या भागातील तंत्रनिकेतनांतून ते शिकविले जावे असेही वाटते.

पाण्याखालोखाल कचऱ्याचा विषय येतो. मालेच्या पश्चिमेला थिलाफुशी नावाची जागा आहे, जेथे 1990 च्या दशकाच्या आरंभापासून राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा उथळ समुद्रात टाकून टाकून जमीन तयार झाली. पर्यटकांना दाखविल्या जाणाऱ्या चित्रांत ती अर्थातच नसते.

लक्षद्वीपचे एकूण क्षेत्रफळ अवघे 32 चौरस किलोमीटर. आपल्या महानगरपालिकेची हद्दच 181 चौरस किलोमीटरची आहे. एवढ्याशा भूमीवर माणसांचा भार किती पडावा याला बंधन असणे उचितच, म्हणून तेथे प्रवेशास परवाना लागतो. तेथील बंगारम या निर्जन बेटावर 1980 च्या दशकाच्या अखेरीस कोचीनच्या कॅसिनो हॉटेल समूहाने रिसॉर्ट उभारले, तेव्हा वातानुकूलन नाही, दूरचित्रवाणी नाही, नारळीच्या झापांनी शाकारलेल्या साध्या झोपड्या आणि बेट होते तसेच राखणे, हाच त्यांनी आपला विशेष मानला. उंची दर देऊन देशोदेशींचे पाहुणे तेथे येत राहिले आणि 2011 पर्यंत तो कारभार चालला. लहान बेटावरील ऐश्वर्याची खरी रीत तीच होय, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक झोपडीपुढे स्वतंत्र तरणतलाव बांधून त्यात यंत्राने गोडे केलेले पाणी भरणे हा संपत्तीचा अपव्यय आहे, मग त्याचा दर कितीही असो.

नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडच्या नळांना दिवसाआड पाणी येते. पवनेच्या पाण्याचे मोल त्यामुळे आपल्या घराघरांत ठाऊक झालेले आहे. म्हणून या भागातील वाचकांना माझी विनंती आहे, की बेटावर अवश्य जावे, तेथील सुख मनमुराद भोगावे. पण खोली राखून ठेवण्यापूर्वी दराच्या चौकशीबरोबरच पाणी कशावर गोडे होते, वीज सूर्यापासून किती मिळते आणि कचरा अखेर कोठे जातो, हे पत्र पाठवून विचारावे, आणि ज्या रिसॉर्टाकडून याचे सरळ उत्तर येईल तेथेच आपला पैसा खर्चावा.